डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच: तक्ता पाठ आहे, तरी सलग लिहिताना वाक्यं चुकतात

पाटीपेन्सिल

इंग्रजीतल्या डायरेक्ट-इनडायरेक्टचा, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना काय बदलायचं ह्याचा, तक्ता तोंडपाठ आहे. ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’. सुटं वाक्य बदलायला दिलं तर जमतं. चार वाक्यांचा संवाद सलग सांगायला घेतला की मात्र घोळ होतो. अडचणी अशा आहेत:

1. काळ दरवेळी एक पायरी मागे न्यायचाच का? ‘शी सेड शी लिव्ज नेक्स्ट डोअर’ अशी वाक्यं चांगल्या छापील मजकुरातही दिसतात.

2. साध्या भूतकाळाचा प्रत्येक वेळी पास्ट परफेक्ट (‘हॅड’वाला काळ) करायचा का? तसं केलं की परिच्छेदभर ‘हॅड, हॅड’ होतं.

3. ‘मस्ट’चं कुणी ‘हॅड टू’ करतात, कुणी तसंच ठेवतात. खरं काय?

4. मराठीत ‘विचारलं की’ म्हणतो, मग ‘आस्क्ड दॅट’ का चालत नाही?

नमुन्याला हा संवाद घ्या. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितोय.

‘वेअर हॅव यू बीन?’ मीरा आस्क्ड अजय. ‘आय कॉल्ड यू टू अवर्स अगो.’
‘माय फोन वॉज ऑफ,’ ही सेड. ‘आय विल एक्सप्लेन एव्हरीथिंग टुमॉरो.’
‘डोंट फर्गेट,’ शी सेड. ‘कॅन यू कम ॲट सिक्स?’
‘आय मस्ट फिनिश माय वर्क फर्स्ट,’ ही सेड.

अर्धविराम

तक्ता थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी मराठी वाक्य बघू: ‘अजय म्हणाला की मी उद्या येतो.’ ह्यातला ‘मी’ म्हणजे अजय. ‘उद्या’ हा अजय बोलला त्या दिवसाचा उद्या. ‘येतो’ हा काळही अजयच्या तोंडचा. आपण ‘की’ म्हणतो आणि पुढे अजयचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढे असं करता येत नाही. तिथलं सगळं वाक्य सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलायचं असतं. म्हणून सर्वनामं, काळ आणि वेळ-स्थळाचे शब्द ह्या तिन्ही गोष्टी नव्याने ठरवाव्या लागतात. मराठी माणसाच्या बहुतेक चुका ‘दॅट’ला ‘की’ समजल्यामुळे होतात.

वेळेचे शब्द घ्या, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. अजय सोमवारी म्हणाला, ‘आय विल कॉल यू टुमॉरो.’ तुम्ही हे त्याच सोमवारी संध्याकाळी कुणाला सांगताय तर ‘ही सेड ही वुड कॉल मी टुमॉरो’ हेच बरोबर, कारण ‘उद्या’ अजून उद्याच आहे. मंगळवारी सांगताय तर ‘ही सेड ही वुड कॉल मी टुडे’. आणि पुढच्या आठवड्यात सांगताय तर ‘ही सेड ही वुड कॉल मी द नेक्स्ट डे’. वाक्य एकच, तीन दिवशी तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. तक्त्यात फक्त तिसरं असतं. परीक्षेतल्या सुट्या वाक्यात कोण कधी सांगतंय हे दिलेलं नसतं, म्हणून तिथे ‘द नेक्स्ट डे’ लिहिणं सुरक्षित. प्रत्यक्ष लिहिताना आधी कॅलेंडर बघा.

‘हिअर’चं ‘देअर’ हेही तसंच. सांगणारा त्याच खोलीत उभा असेल तर ‘हिअर’ राहील. नसेल तर ‘देअर’ होईल आणि त्याच्याबरोबर ‘कम’चं ‘गो’ सुद्धा होईल, हे तक्त्यांत सहसा नसतं. ‘धिस’चं ‘दॅट’ डोळे मिटून करू नका. पुष्कळदा तिथे नुसतं ‘इट’ किंवा ‘द’ शोभतं.

सर्वनामांसाठी शिकवतात तो नियम असा: पहिला पुरुष ‘सेड-टोल्ड’च्या कर्त्याप्रमाणे, दुसरा पुरुष त्याच्या कर्माप्रमाणे, तिसरा पुरुष जसाच्या तसा. सांगणारा स्वतः त्या बोलण्यात कुठेच नसेल तेव्हा हा नियम बहुतेक वेळा चालतो. समजा दोघं जण माझ्याविषयी बोलत होते, ‘शी इज ऑलवेज लेट.’ हे मी सांगताना ‘दे सेड आय वॉज ऑलवेज लेट’ म्हणणार. इथे तिसरा पुरुष बदलून पहिला झाला. नियमाला चिकटून राहिलात तर भलतीच ‘शी’ उगवेल.

आता काळ. मुख्य क्रियापद वर्तमानकाळी किंवा भविष्यकाळी असेल, ‘शी सेज’, ‘ही विल टेल यू’, तर आतला काळ हलत नाही. ‘हॅज सेड’ असेल तरीही साधारणपणे हलत नाही. ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’ असेल तरच मागे जायचा प्रश्न येतो.

गेलेली, संपलेली गोष्ट असेल तर मागे जा. गोष्ट अजूनही खरी असेल तर दोन्ही चालतं. ‘शी सेड शी लिव्ज नेक्स्ट डोअर’ बरोबर, ‘शी सेड शी लिव्ड नेक्स्ट डोअर’ हेही बरोबर. इथला ‘लिव्ड’ ती आता राहत नाही असं सांगत नाही. तो फक्त ‘सेड’च्या काळाशी जुळवून घेतलेला असतो. मराठीत ‘राहत होती’ म्हटलं की आता राहत नाही असं कानाला वाटतं, त्यामुळे आपल्याला हा भूतकाळ खोटा वाटतो. तसं नाही. शंका असेल तिथे मागे न्या, वाक्य चुकणार नाही.

सार्वकालिक सत्यात वर्तमानकाळ ठेवायचा, ‘द टीचर सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन’, हे शाळेतलं ठीक. त्याच्या उलट बाजूचा उपयोग जास्त आहे. बोलणाऱ्याचं म्हणणं चूक होतं किंवा त्याची जबाबदारी आपल्याला घ्यायची नसेल, तर भूतकाळच हवा: ‘दे बिलीव्ड दॅट द सन वेंट राउंड द अर्थ.’ इथे ‘गोज’ लिहिलंत तर तुम्हीही ते मानता असं वाचणाऱ्याला वाटेल.

सावली_

अर्धविराम ह्यांनी पाया घातलाय, मी फक्त प्रश्न आणि आज्ञा घेते. पाटीपेन्सिल ह्यांचा चौथा मुद्दा इथलाच.

‘आस्क्ड दॅट’ चालत नाही, कारण प्रश्न सांगताना जोडणारा शब्द प्रश्नातच असतो. वेअर, व्हेन, व्हाय, हाऊ, हू हे शब्दच दोन वाक्यं जोडतात, मग ‘दॅट’ला जागाच उरत नाही. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. मराठीतलं प्रश्नाच्या शेवटचं ‘का’ आठवा: ‘तो येणार का, असं विचारलं.’ त्या ‘का’चं काम इंग्रजीत ‘इफ’ करतं, फक्त वाक्याच्या सुरुवातीला येऊन. आणि ‘येणार की नाही’ असं म्हणावंसं वाटलं तर ‘व्हेदर’ घ्या.

‘इफ’ आणि ‘व्हेदर’ बहुतेक वेळा अदलाबदलीने चालतात. तीन जागा फक्त ‘व्हेदर’च्या आहेत. पुढे ‘टू’ असेल तर: ‘शी वंडर्ड व्हेदर टू गो.’ आधी प्रिपोझिशन (‘अबाउट’, ‘ऑन’सारखा शब्द) असेल तर: ‘दे टॉक्ड अबाउट व्हेदर इट वॉज सेफ.’ आणि लगेच पुढे ‘ऑर नॉट’ असेल तर: ‘व्हेदर ऑर नॉट ही ॲग्रीड’.

दुसरी गोष्ट शब्दक्रमाची, आणि हीच जास्त चुकते. आतलं वाक्य प्रश्न राहत नाही, साधं विधान होतं. कर्ता आधी, क्रियापद नंतर, ‘डू-डझ-डिड’ गेले, प्रश्नचिन्हही गेलं. ‘व्हेअर डू यू वर्क?’ हे ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वर्क्ड’ होतं. ‘व्हेअर डिड आय वर्क’ नाही, ‘व्हेअर आय डिड वर्क’ तर नाहीच. ‘हू इज शी?’चं ‘ही आस्क्ड हू शी वॉज’. पण प्रश्नशब्दच कर्ता असेल तर क्रम मुळातच विधानाचा असतो, हलवायचं काही नसतं: ‘हू ब्रोक द ग्लास?’चं ‘शी आस्क्ड हू हॅड ब्रोकन द ग्लास.’ ‘व्हॉट इज द मॅटर?’ हा एक हट्टी अपवाद आहे. ‘ही आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर’ असं क्रम न बदलता सर्रास लिहितात आणि ते मान्य आहे.

आज्ञा आणि विनंतीत मराठी उलट मदतीला येते. ‘त्याने मला जायला सांगितलं.’ हे ‘जायला’ म्हणजेच इंग्रजीतलं ‘टू गो’. ‘ही टोल्ड मी टू गो.’ नकार असेल तर ‘नॉट’ हा ‘टू’च्या आधी: ‘ही टोल्ड मी नॉट टू गो.’ ‘टोल्ड मी दॅट डोंट गो’ ही ‘की’चीच करणी.

‘आस्क’मध्ये सावध राहा. त्याचे दोन अर्थ आहेत, विचारणं आणि विनंती करणं. ‘कॅन यू ओपन द डोअर?’ ही दार उघडण्याची विनंती असेल तर ‘शी आस्क्ड मी टू ओपन द डोअर’. दार अडकलंय, तुम्हाला उघडता येईल का असा खरा प्रश्न असेल तर ‘शी आस्क्ड इफ आय कुड ओपन द डोअर’. कोणतं निवडायचं हे प्रसंगावरून ठरतं.

‘से’ आणि ‘टेल’ही इथेच संपवते. ‘टेल’च्या पुढे माणूस लगेच हवा, मध्ये ‘टू’ नको: ‘टोल्ड मी’. ‘से’च्या पुढे माणूस आणायचा तर ‘टू’ हवाच: ‘सेड टू मी’. ‘मला म्हणाला’ ह्यातल्या ‘मला’मुळे ‘सेड मी’ आणि ‘टोल्ड टू मी’ ह्या दोन्ही चुका होतात. ‘एक्सप्लेन’ हे ‘से’च्या बाजूचं: ‘एक्सप्लेन्ड टू मी’. आणि ‘सजेस्टेड मी टू गो’ हे अजिबात नाही. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ किंवा ‘दॅट आय शुड गो’. तोही बरोबर जाणार असेल तर ‘ही सजेस्टेड गोइंग’. ‘लेट्स गो’ सांगायला हेच शेवटचं रूप कामी येतं.

मूळाक्षर

दुसरा आणि तिसरा प्रश्न राहिला होता.

पास्ट परफेक्ट. साध्या भूतकाळाचा ‘हॅड’वाला काळ व्याकरणात चालतो, पण सक्ती नसते. कुठली गोष्ट आधीची हे वाचणाऱ्याला आपोआप कळत असेल तर साधा भूतकाळ राहू द्या. ‘ही सेड ही वॉज बॉर्न इन 1990’ ह्यात ‘हॅड बीन बॉर्न’ केलंत तर वाक्य अवघडतं आणि नवीन काही कळतही नाही. ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ अशा उपवाक्यातला ‘वॉज’ही तसाच राहतो.

सक्ती कुठे? साधा भूतकाळ ठेवल्याने मूळ वाक्य वर्तमानकाळी होतं असा गैरसमज होईल तिथे. एकच जोडी लक्षात ठेवा. ‘ही सेड ही लव्हड हर.’ हे वाचून कुणीही समजेल की तो म्हणाला, ‘आय लव्ह हर.’ तो जर ‘आय लव्हड हर’ म्हणाला असेल, म्हणजे प्रेम होतं, आता नाही, तर ‘ही सेड ही हॅड लव्हड हर’ लिहिल्याशिवाय ते पोहोचणारच नाही. प्रत्येक ‘हॅड’पाशी थांबून हीच चाचणी लावा: हा काढला तर अर्थ वर्तमानाकडे सरकतो का? सरकत असेल तर ठेवा, नाहीतर काढा. परिच्छेदातले अर्धे ‘हॅड’ आपोआप गळतील. मूळ वाक्यातच पास्ट परफेक्ट असेल तर त्याला मागे जायला जागाच नाही, तो तसाच राहतो.

‘मस्ट’चे अर्थ वेगळे करा म्हणजे गुंता सुटतो. अंदाज असेल, ‘यू मस्ट बी टायर्ड’, तर ‘मस्ट’ कायम: ‘शी सेड आय मस्ट बी टायर्ड.’ इथे ‘हॅड टू बी टायर्ड’ केलंत तर दमण्याची सक्ती झाल्यासारखं वाचलं जाईल. सक्ती असेल तर ‘मस्ट’ ठेवलं तरी चालतं, ‘हॅड टू’ केलं तरी चालतं. पुढे कधीतरी करायची सक्ती असेल तर ‘वुड हॅव टू’ जास्त नेमकं. मनाई असेल, ‘यू मस्ट नॉट टच इट’, तर ‘मस्ट नॉट’ ठेवा, किंवा सरळ ‘टोल्ड मी नॉट टू टच इट’ करा. इथे ‘डिडंट हॅव टू’ कधीही करू नका. त्याचा अर्थ ‘हात लावायची गरज नव्हती’ असा होतो, आणि मनाई व गरज नसणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सूचनापत्रात ही चूक झाली तर नुकसान होऊ शकतं. ‘नीडंट’चं मात्र ‘डिडंट हॅव टू’ बरोबर आहे.

‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’, ‘ऑट टू’, ‘यूज्ड टू’, ‘हॅड बेटर’ बदलत नाहीत. ‘इफ’च्या वाक्यांत, ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे’ मागे जातं: ‘ही सेड इफ इट रेन्ड, ही वुड स्टे.’ पण काल्पनिक ‘इफ आय हॅड अ बोट, आय वुड सेल’ ह्यात भूतकाळ हा काळ दाखवत नाही, कल्पना दाखवतो, म्हणून तो हलवायचा नाही. सर्वनाम तेवढं बदला.

उद्गारवाक्यांवर ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट’ लिहायला शिकवतात. परीक्षेत मागितलं तर लिहा. एरवी ‘शी सेड व्हॉट अ लव्हली गार्डन इट वॉज’ पुरतं, कारण उद्गारात कर्ता मुळातच क्रियापदाच्या आधी असतो.

पाटीपेन्सिल

तिघांचेही मनापासून आभार. ‘हॅड’ काढून बघायची चाचणी फार उपयोगी आहे. वरचा संवाद काही महिन्यांनी तिसरा कुणी सांगतोय असं धरून लिहून बघितला:

मीरा आस्क्ड अजय वेअर ही हॅड बीन. शी सेड शी हॅड कॉल्ड हिम टू अवर्स अगो. ही सेड हिज फोन वॉज ऑफ. ही सेड ही वुड एक्सप्लेन एव्हरीथिंग टुमॉरो. शी टोल्ड हिम नॉट टू फर्गेट अँड आस्क्ड इफ कॅन ही कम ॲट सिक्स. ही सेड ही हॅड टू फिनिश हिज वर्क फर्स्ट.

मूळाक्षर

पहिलं वाक्य आणि ‘नॉट टू फर्गेट’ उत्तम. पाच जागा बघा.

‘टू अवर्स अगो’. ‘अगो’ नेहमी आत्तापासून मागे मोजतो. काही महिन्यांनी सांगताना ते दोन तास आत्तापासूनचे नाहीत, म्हणून ‘टू अवर्स बिफोर’ किंवा ‘अर्लिअर’. ‘टुमॉरो’चंही तेच, ‘द नेक्स्ट डे’.

‘हिज फोन वॉज ऑफ’. चाचणी लावा. मीराशी बोलताना फोन बंद होता, असा अर्थ निघतो. तो बंद होता दोन तासांपूर्वी, म्हणून इथे ‘हॅड बीन ऑफ’ हवंच.

‘इफ कॅन ही कम’ ह्यात क्रमही प्रश्नाचा राहिला आणि काळही. ‘इफ ही कुड कम’. इथे ‘आस्क्ड हिम टू कम’ही जमलं असतं, पण अजयचं उत्तर जमेल की नाही ह्याबद्दल आहे, म्हणून ‘इफ’च बरं.

शेवटचा ‘हॅड टू’ चूक नाही. पण काम उद्या सहाच्या आधी संपवायचं आहे, म्हणजे सक्ती पुढची आहे. ‘वुड हॅव टू’ करा.

सावली_

एक भर. ‘सेड’ चारदा आलाय. बोलणाऱ्याने काय केलं ते क्रियापदातच सांगा: कबूल केलं, नाकारलं, वचन दिलं, धमकावलं. फक्त प्रत्येकाचा साचा वेगळा आहे तो पाळा. ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘ऑफर’, ‘ॲग्री’, ‘थ्रेटन’ ह्यांच्यापुढे थेट ‘टू’. ‘ॲडव्हाइज’, ‘वॉर्न’, ‘रिमाइंड’, ‘ऑर्डर’ ह्यांच्यापुढे आधी माणूस, मग ‘टू’. ‘ॲडमिट’ आणि ‘डिनाय’पुढे ‘इंग’चं रूप. ‘ॲक्यूज’ला ‘ऑफ’, ‘अपॉलजाइज’ला ‘फॉर’, ‘इन्सिस्ट’ला ‘ऑन’. ‘से’, ‘टेल’, ‘थिंक’नंतर ‘दॅट’ गाळता येतो, ‘रिप्लाय’, ‘एक्सप्लेन’, ‘शाउट’नंतर ठेवावा.

सगळं धरून असं होईल:

मीरा आस्क्ड अजय वेअर ही हॅड बीन अँड सेड शी हॅड कॉल्ड हिम टू अवर्स बिफोर. ही एक्सप्लेन्ड दॅट हिज फोन हॅड बीन ऑफ अँड प्रॉमिस्ड टू टेल हर एव्हरीथिंग द नेक्स्ट डे. शी टोल्ड हिम नॉट टू फर्गेट अँड आस्क्ड इफ ही कुड कम ॲट सिक्स. ही रिप्लाइड दॅट ही वुड हॅव टू फिनिश हिज वर्क फर्स्ट.

‘एक्सप्लेन एव्हरीथिंग’चं ‘टेल हर एव्हरीथिंग’ मुद्दाम केलंय, एका वाक्यात दोनदा ‘एक्सप्लेन’ नको म्हणून. परीक्षेत मूळ क्रियापदच ठेवा.